विंचू चावला की माणसे जमतात: पहिली ओळ बांधण्याची रीत

"विंचू चावला" एवढे दोन शब्द रात्री शेजारच्या घरातून ऐकू आले, तर जेवणारा माणूस हात धुवायला थांबत नाही आणि निजलेला चपला शोधत बसत नाही. पैठणच्या संत एकनाथांनी (१५३३ ते १५९९) नेमकी हीच हाक आपल्या एका भारुडाच्या तोंडाशी ठेवली. "विंचू चावला, वृश्चिक चावला" असे ओरडत सोंग रिंगणात शिरले की श्रोते सरसावून बसतात. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात येते की चावलेला विंचू काम-क्रोधाचा आहे, अंगाला सुटलेला घाम तमाचा आहे आणि उतारा मागायचा आहे तो सत्त्वगुणाचा. तोवर उपदेश अर्धाअधिक ऐकून झालेला असतो. हीच गोष्ट "काम आणि क्रोध हे मनुष्याचे शत्रू आहेत" अशा वाक्याने सुरू झाली असती, तर सव्वाचारशे वर्षांनंतर ती कोणी गावोगाव नाचवली असती असे मला वाटत नाही.

अंबाजोगाईच्या आसपासच्या शाळांत मी अधूनमधून वक्तृत्व स्पर्धांचा परीक्षक म्हणून जातो. एका स्पर्धेत विषय पाण्याचा होता आणि लागोपाठ सहा मुलांनी "पाणी म्हणजे जीवन" याच वाक्याने सुरुवात केली. सातवा मुलगा उठला आणि "पाणी म्हणजे" एवढेच म्हणाला, तेव्हा उरलेला शब्द समोर बसलेल्या मुलांनीच एका सुरात पुरवला. मुलांचा दोष त्यात कमी होता; पहिली ओळ कशी बांधतात हे त्यांना कोणी कधी दाखवलेच नव्हते. भाषण, लेख, निवेदन, निमंत्रण यांपैकी काहीही लिहायला बसणाऱ्यासाठी ती रीत येथे पायरीपायरीने मांडली आहे. लागणारी बहुतेक सामग्री मराठवाड्यात घराच्या उंबऱ्यापाशीच पडलेली आहे.

पहिली पायरी: महिनाभर केवळ ऐकावे

खिशात मावेल अशी एक वही घ्यावी आणि निदान एक महिना स्वतःचे काहीही न लिहिता कानावर पडलेल्या ओळी तिच्यात टिपाव्यात. प्रत्येक ओळीखाली तीन गोष्टी नोंदवाव्यात: ती कोठे ऐकली, कोण बोलले आणि तिच्यातला कोणता शब्द कानात राहिला. यांपैकी तिसरी नोंद खरी महत्त्वाची असते, कारण ओळ लक्षात राहते ती सगळीच्या सगळी क्वचित. बहुधा एखादा शब्द अडकतो आणि बाकीची ओळ त्याच्या मागून ओढली जाते.

सुरुवात कोड्यांपासून करावी. कोडे म्हणजे पुढचे सारे मुद्दाम झाकून ठेवलेली पहिली ओळच होय. "पाटीलबुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब" या कोड्याचे उत्तर कणीस हे आहे, पण उत्तर कळण्याआधीच आपण एका भारदस्त माणसाला नमस्कार करून बसलेलो असतो. "कोकणातून आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी" हे कोडे लसणाचे आहे. त्यात दोन व्यक्ती, एक अत्याचार आणि एक मोठे कुटुंब, एवढा ऐवज तीन तुकड्यांत भरलेला आहे, आणि स्वयंपाकघरात गड्ड्यावर मूठ आपटून पाकळ्या विखुरताना ज्याने पाहिल्या आहेत, त्याला उत्तर ऐकून हसू येतेच. नुसत्या "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे" या ओळीवरून जिभेविषयी जितके बोलता येईल, तितके एखाद्या धड्यावरूनही बोलता येणार नाही.

कोड्यांनंतर सणावारांकडे वळावे. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की घरातली वडीलधारी बाई "ऐका महालक्ष्मी, तुमची कहाणी" असे म्हणून "आटपाट नगर होतं" या वाक्याने सुरुवात करते. हे नगर कोणत्या जिल्ह्यात आहे असे आजवर एकाही पोराने विचारलेले नाही, कारण "आटपाट" या शब्दातील ट-प-ट या ठोक्यांनीच ते डोळ्यांसमोर उभे राहते. गोंधळी संबळ-तुणतुण्यावर गोंधळ मांडताना तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका अशा देवतांना त्यांच्या त्यांच्या गावाच्या नावाने बोलावतात. देवापाठोपाठ वाट, डोंगर आणि पायऱ्याही मग रिंगणात येतात. लातूर आणि धाराशिवकडे वेळ अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवसीला, शेतात आंबील शिंपडत "ओलगे ओलगे सालम पलगे" असा गजर करतात. त्याचे उच्चार गावागणिक बदलतात आणि शब्दशः अर्थ विचारला तर म्हणणारे एकमेकांकडे पाहतात, तरी तो कोणी सोडलेला नाही. अर्थाच्या आधी नाद पोहोचतो, ही गोष्ट वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.

दुसरी पायरी: जुन्या ओळी उसवून पाहाव्यात

शिंपीकाम शिकणारा मुलगा पहिल्यांदा जुना सदरा उसवतो. तसे जुन्या, टिकलेल्या ओळी घेऊन त्यांची शिवण पाहावी. प्रत्येक ओळीला दोनच प्रश्न विचारावेत: येथे पहिला शब्द हाच का, आणि ही ओळ माझ्यापासून काय लपवते?

परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईंची "धरिला पंढरीचा चोर" ही ओळ घ्यावी. मराठी वाक्यात क्रियापद साधारणतः शेवटी येते; "पंढरीचा चोर धरिला" हा त्याचा सरळ क्रम झाला. जनाबाईंनी क्रियापद उचलून पुढे आणले, त्यामुळे ओळ सुरू होण्याआधीच पकडापकडी होऊन गेलेली असते. कोणाला धरले हे कळायला दोन शब्द थांबावे लागते आणि तो "चोर" आहे असे कळल्यावर कुतूहल दुप्पट होते, कारण पंढरीचा एकच रहिवासी आपल्याला ठाऊक असतो. पुढे गळ्यात दोर येतो, हृदयाचा बंदिखाना होतो, पायात बेडी पडते, म्हणजे पहिल्या ओळीने उभे केलेले कोतवालीचे रूपक शेवटपर्यंत चालवले जाते. स्वतःच्या लेखाची पहिली ओळ लिहून झाली की तिच्यातले क्रियापद एकदा पुढे नेऊन पाहावे. दहांपैकी सात-आठ वेळा ते शोभणार नाही; जेव्हा शोभेल तेव्हा मात्र ओळ ताडकन उभी राहील.

एकनाथांची "सत्वर पाव गे मला, भवानीआई, रोडगा वाहीन तुला" ही ओळ निराळ्या रीतीने काम करते. येथे एक नवस बोलला जात आहे, म्हणजे एक सौदा मांडला आहे, आणि सौदा कशाचा हे सांगितलेले नाही. रोडग्यासारख्या साध्या, घरगुती नैवेद्यामुळे मागणेही साधेच असेल असे ऐकणारा गृहीत धरतो. मग सासरा गावी गेला आहे तर त्याला तिकडेच खपव, सासूचे निर्दाळण कर, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज होऊ दे, अशी यादी एकामागून एक येऊ लागते आणि शेवटी "सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला" या मागणीपाशी विनोदाचे अध्यात्म झालेले असते. पहिली ओळ जितकी निरागस, तितका पुढचा धक्का मोठा. "नाथाच्या घरची उलटी खूण, पाण्याला मोठी लागली तहान" ही नाथांचीच कूट रचना याच्या उलट वागते. ती पहिल्याच क्षणी अशक्य गोष्ट समोर ठेवते आणि अर्थ लावण्याचे काम आपल्यावर टाकून मोकळी होते.

मराठवाड्याचा दुसरा वारसा दक्खनी-उर्दूचा आहे. औरंगाबादचे अठराव्या शतकातले कवी सिराज यांची प्रसिद्ध गझल "खबर-ए-तहय्युर-ए-इश्क सुन" या शब्दांनी सुरू होते. प्रेमातील विस्मयाची वार्ता ऐकून ना वेड उरले ना परी, ना तू उरलास ना मी, असे म्हणत पहिला शेर "जो रही सो बेखबरी रही" येथे येऊन थांबतो. पहिला शब्द "खबर" आणि शेवट "बेखबरी"; ज्या वार्तेने ओळ सुरू झाली तिनेच वार्ता घेणारा पुसून टाकला. गझलेच्या पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, दोन्ही ओळींत यमक आणि अंत्यपद जुळवून पुढच्या साऱ्या शेरांचा नियम आधीच जाहीर करावा लागतो. गद्य लिहिणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण पहिल्या ओळीत विनोद केला की वाचक पुढेही विनोदाची अपेक्षा धरतो, आणि ती पुरी होणार नसेल तर विनोद आरंभी न केलेला बरा.

तिसरी पायरी: पहिली ओळ शेवटी लिहावी

कोऱ्या कागदासमोर पहिल्या ओळीसाठी तास-तास बसून राहणे हा वेळेचा अपव्यय आहे. मजकूर सुचेल तेथून लिहून पुरा करावा, सुरुवात कितीही सपक असली तरी चालेल. मग तो एक रात्र बाजूला ठेवावा. दुसऱ्या दिवशी पारावर किंवा चहाच्या टपरीवर भेटलेल्या मित्राला "काय लिहिलेस?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात द्यावे लागले, तर आपण जे वाक्य सांगू ते मजकुरात कोठे आहे हे शोधावे. माझ्या अनुभवात ते बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या परिच्छेदात दडलेले असते, कारण आधीचे परिच्छेद लिहिणाऱ्याने आपला घसा साफ करण्यासाठी लिहिलेले असतात. ते वाक्य वर आणावे आणि त्याच्या आधीचे सारे काढून पाहावे. काढल्याने काही अडत नसेल, तर ते कायमचे काढावे. हात थरथरतो, हे मान्य आहे.

"आज आपण येथे जमलो आहोत", "मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल", "लहानपणापासून मला वाचनाची आवड", "साहित्य हा समाजाचा आरसा आहे" ही वाक्ये काढताना मात्र हात थरथरण्याचे काहीच कारण नाही.

चौथी पायरी: एकच ओळ अनेकदा लिहावी

येथे एक उदाहरण सविस्तर घेतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराची तहान इतकी विकोपाला गेली की सुमारे ३४० किलोमीटरवरच्या मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली. तिला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. या घटनेवरच्या लेखाची पहिली ओळ लिहायची आहे असे समजावे.

पहिला प्रयत्न बहुधा असा उतरतो: "पाणीटंचाई ही मराठवाड्याची गंभीर समस्या आहे." हे वाक्य खरे आहे, पण ते वाचून कोणाचेही डोके वर होणार नाही, कारण ते कोणत्याही वर्षाचे, कोणत्याही गावाचे आणि कोणाच्याही तोंडचे असू शकते. दुसरा प्रयत्न तपशिलाकडे वळतो: "१२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला रेल्वेने पाणी आले." आता दिवस, गाव आणि वाहन आले, बातमी झाली, ओळ अजून झाली नाही. तिसऱ्या प्रयत्नात नाथांची उलटी खूण आठवते आणि "त्या वर्षी लातुरात पाणी आभाळातून पडण्याऐवजी रुळांवरून आले" असे काही सुचते. ही ओळ बरी आहे, परंतु तिच्यात लिहिणाऱ्याची चतुराई थोडी आधी दिसते.

चौथा प्रयत्न शब्दखेळाचा. रेल्वेच्या मालडब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे ज्याच्या लक्षात येईल त्याला पुढची ओळ सुचल्यावाचून राहत नाही: "१२ एप्रिलला लातुरात दहा वाघिणी शिरल्या आणि कोणीही दार लावून घेतले नाही." ही ओळ सुचली तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो. दोन दिवसांनी वाचली तेव्हा ती खटकली. श्लेष बिनचूक होता, पण तो वाघिणीविषयी होता. घागर घेऊन रात्र जागलेल्या बाईविषयी त्यात काही नव्हते. शब्दांचा खेळ विषयाच्या शेजारी उभा राहून उड्या मारत होता.

पाचव्या प्रयत्नात ओळ साधी झाली: "त्या एप्रिलमध्ये लातूरकर पाण्याला घ्यायला रेल्वे स्थानकावर गेले." येथे खेळ "ला" या एका प्रत्ययात आहे. आपण पाणी "आणायला" जातो आणि पाहुण्याला "घ्यायला" जातो. मराठीत कर्म निर्जीव असेल तर त्याला साधारणतः "ला" लागत नाही. तो लावला की पाणी एकदम मुंबईहून येणाऱ्या मामासारखे माणसात येते. वाचणाऱ्याला व्याकरण आठवत नाही, नुसते काहीतरी हलल्यासारखे वाटते, आणि हसू येता येता घसा कोरडा पडतो. खेळ आणि दुःख एकाच शब्दात बसले आहेत. नाथांच्या विंचवातही हेच होते. मी ही ओळ ठेवली.

कोणत्याही विषयावर निदान पाच प्रयत्न कागदावर लिहावेत, मनातल्या मनात नव्हे, आणि सर्वांत चमकदार ओळीवर सर्वांत जास्त संशय घ्यावा.

पाचवी पायरी: अक्षरे मोजावीत

गद्य लिहिणाऱ्याला अक्षरे मोजायला सांगितली की तो दचकतो. पण मराठी कानाला काही मापांची शतकानुशतकांची सवय आहे, आणि त्या मापात बसलेली गद्य ओळसुद्धा आपोआप लक्षात राहते. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक असते. छोट्या अभंगाची सर्वांत परिचित रचना आठ-आठ अक्षरांची, शेवटी यमक असलेली. जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. त्यात ओळीची बारा अक्षरे "लघु, गुरू, गुरू" या क्रमाने चार वेळा येतात. "गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा" ही ओळ बोटांवर मोजून पाहावी, म्हणजे वळवळत पुढे जाणाऱ्या भुजंगाचे नाव या वृत्ताला का मिळाले हे कळेल.

अक्षर मोजताना जोडाक्षर एकच धरावे. मात्रा मोजताना ऱ्हस्वाला एक आणि दीर्घाला दोन धराव्यात, आणि जोडाक्षराचा आघात ज्या आधीच्या अक्षरावर येतो ते ऱ्हस्व असले तरी गुरू समजावे. एवढे नियम गद्यासाठी पुरेसे आहेत.

आता हा प्रयोग पाहावा. मराठीत पावसाने दडी मारली की "पावसाने ओढ दिली" म्हणतात आणि माणसाला घराची, गावाची ओढ लागते. दुष्काळात शहराकडे गेलेल्या कुटुंबावर लिहिताना मी पहिली ओळ "पावसाने ओढ दिली आणि शहरात गेलेल्या माणसांच्या मनाला गावाची ओढ लागली" अशी लिहिली होती. अर्थ पुरा होता, ओळ लंगडत होती. छाटता छाटता ती "पावसाने ओढ दिली, गावाची ओढ लागली" एवढी उरली. मोजले तर दोन्ही बाजूंना आठ-आठ अक्षरे होती. मी अभंग लिहायला बसलो नव्हतो. नको ते गेल्यावर ओळ आपल्या जुन्या मापात जाऊन बसली. माप तंतोतंत जुळलेच पाहिजे असाही आग्रह नको. जनाबाईंच्या "धरिला पंढरीचा चोर, गळा बांधोनिया दोर" यात पहिल्या चरणाची अक्षरे नऊ आहेत आणि दुसऱ्याची आठ. म्हणताना ते एक अक्षर कोठे विरते ते कळतही नाही.

सहावी पायरी: खेळ निवडून खेळावा

श्लेषाचे पथ्य एकच, की त्याचे दोन्ही अर्थ खरे असावेत. "कापसाला भाव नाही, भाषणात मात्र भावच भाव" या ओळीत बाजारातला भाव आणि मनातला भाव दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत, म्हणून ती टोचते. श्लेष समजावून सांगावा लागला तर तो पुसून टाकावा. शोकसभेत श्लेष करू नये, हे सांगण्याची गरज पडू नये. पण मी तो ऐकलेला आहे.

अनुप्रास मिठासारखा आहे. "काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले" यासारखी जीभ अडखळवणारी ओळ मुलांना हसवण्यासाठी उत्तम. लेखाच्या आरंभी एकाच अक्षराचे दोन, फार तर तीन ठोके पुरतात. नादानुकारी शब्द वापरताना नेमकेपणा पाहावा. पाऊस रिमझिम पडतो, भुरभुरतो, कोसळतो आणि पत्र्यावर ताडताड वाजतो. ही चार वेगळी हवामाने आहेत, आणि मराठवाड्यातल्या ज्वारीवाल्याला त्यांतला फरक चांगला कळतो. चहाबिहा, भाकरीबिकरी, लग्नबिग्न यातला "बि" हा तर मराठीने दिलेला फुकटचा विनोद आहे: गंभीर शब्दाला तो जोडला की त्याची सारी ऐट उतरते. "तत्त्वज्ञानबित्त्वज्ञान" असे एकदा म्हणून पाहावे.

"चिमा काय कामाची", "ती होडी जाडी होती", "भाऊ तळ्यात ऊभा" अशी उलटसुलट सारखी वाचता येणारी वाक्ये, किंवा "घर"चे "चरघ" आणि "मराठी"चे "चराठीम" करणारी मुलांची च-ची भाषा, यांचा पहिल्या ओळीला थेट उपयोग फारसा नाही. तरी लिहायला बसण्यापूर्वी दहा मिनिटे ती खेळावी. शब्द म्हणजे अर्थाचे डबे आहेत ही शाळेतली समजूत त्याने सैल होते आणि अक्षरे हाताळता येतील इतकी मोकळी होतात.

बोलीविषयी थोडे

"का" आणि "कामून" यांचा अर्थ एकच असला तरी वजन एक नाही. "कामून गेलास?" या प्रश्नात विचारणाऱ्याची काळजी, राग आणि गाव तिन्ही ऐकू येतात. हातरुमालाला "दस्ती" म्हणणे, "मी जाऊलालाव" असे लातूर-नांदेडकडचे क्रियापद, १९४८ पर्यंतच्या निजामी राजवटीने आणि उर्दू कारभाराने मागे ठेवलेले शब्द, हा सारा साठा पहिल्या ओळीला तत्काळ पत्ता देतो. मात्र बोली पात्राच्या तोंडी असावी किंवा लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या जिभेवर असावी. प्रमाण मराठीत लिहिता लिहिता मध्येच एखादा "लई" शिंपडला, तर तो जत्रेत भाड्याने घेतलेल्या फेट्यासारखा दिसतो. कोणाच्या बोलीला हसवण्यासाठी वापरलेली ओळ तर लिहूच नये; ज्यांची बोली आहे तेही समोर बसलेले असतात.

सातवी पायरी: दुसरी ओळ

पहिली ओळ जमली की लिहिणारा सुटकेचा निःश्वास टाकतो आणि दुसऱ्या ओळीत पुन्हा "पाणीटंचाई ही गंभीर समस्या" येथे येऊन पडतो. दुसऱ्या ओळीने पहिलीचे स्पष्टीकरण देऊ नये, तिला एक पाऊल पुढे न्यावे. "पाण्याला घ्यायला रेल्वे स्थानकावर गेले" यानंतर "कारण त्या वर्षी तीव्र दुष्काळ होता" असे लिहिले की पाहुणा फलाटावरच मरतो. त्याऐवजी पाहुणा कोठून आला, किती वाघिणी भरून आला, उतरल्यावर त्याला कोठे नेले, हे सांगत जावे. दुष्काळ वाचणाऱ्याला आपोआप कळतो.

निवेदन करणाऱ्यांसाठी यात एक पोटनियम आहे. व्यासपीठावर पहिली ओळ म्हटल्यावर श्वासभर थांबावे आणि मगच दुसरी म्हणावी. टाळ्या नको असतील तरी थांबावे. निमंत्रणपत्रिकेत मात्र दुसऱ्या ओळीत तारीख, वेळ आणि ठिकाण आलेच पाहिजे, कारण यमकाच्या नादात तिथी चुकलेली पत्रिका मी पाहिलेली आहे आणि त्या लग्नाला निम्मे पाहुणे जेवणे उरकल्यावर पोहोचले होते.

आठवी पायरी: दुसऱ्याच्या तोंडी देऊन पाहावे

ओळ कागदावर कधीही तपासू नये. ती मोठ्याने तीनदा म्हणावी. जेथे जीभ दरवेळी अडखळते तेथला शब्द बदलावा. मग लेखनाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला ती एकदाच म्हणून दाखवावी आणि "कशी वाटली?" असे मुळीच विचारू नये, कारण आपल्याकडे त्याचे उत्तर "छान" हेच असते. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला "काल मी काय म्हणालो होतो?" असे विचारावे. त्याला काहीच आठवले नाही तर ओळ पुन्हा लिहावी. जशीच्या तशी आठवली तर ती उत्तम आहे. आणि ती त्याने आपल्या सोयीने बदलून सांगितली, तर त्याचा बदल लक्षपूर्वक ऐकावा. जात्यावरच्या ओव्या अशाच तोंडातोंडी फिरत घासून गुळगुळीत झालेल्या आहेत.

लातूरची ओळ मी आमच्या गल्लीत भाजी घेऊन येणाऱ्या मावशींना ऐकवली होती. दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी तोलत त्या म्हणाल्या, "तुमच्या लातूरवाल्यायची गोष्ट का? पाण्याला घ्यायला ठेसनावर गेलते ते." महिना त्यांनी टाकून दिला होता, "रेल्वे स्थानक" हेही टाकून दिले होते. घरी येऊन मी वही उघडली, "त्या एप्रिलमध्ये" हे दोन शब्द खोडले आणि "रेल्वे स्थानकावर" याच्या जागी "ठेसनावर" असे लिहिले.